मालकांचं म्हणणं

“मालक टेबलालाही नाही म्हणाले,” बाल्कनीचं दार सरकवून आत येत मुलगा म्हणाला. त्याने फोन खिशात टाकला आणि खटला हरलेल्या वकिलाचा चेहरा केला.

बाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. टेकून बसावं असा तो सोफा नव्हता. सहा माणसांचं काचेचं जेवणाचं टेबल, सहा जड खुर्च्या, भिंतभर शोकेस, आतल्या खोलीत दोघांचा पलंग. एकट्या विधवेच्या सोयीसाठी घर असं सजवलेलं होतं. फर्निश्ड घरात माणसाची गरज कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेली असते. माणसाने फक्त राहायला यायचं असतं.

राहायला आल्यापासून वाटाघाटी चालू होत्या. आधी बाईंनी पलंग काढायला सांगितला. मालक नको म्हणाले. मग शोकेस. ती म्हणे भिंतीतच बसवलेली होती. मग पुस्तकांसाठी निदान एक कपाट. पुस्तकांनी वाळवी लागते, असं मालकांचं मत पडलं. मालकांचा वाळवीचा व्यासंग दांडगा असावा. पुस्तकांचा तेवढा नसावा. प्रत्येक नकार मुलगाच घेऊन येई, आणि प्रत्येक नकारानंतर बाईंची मागणी आखडत जाई. आता ती एका लिहायच्या टेबलावर येऊन ठेपली होती.

ते टेबल मुलाच्या घरी जिन्याखाली पडलं होतं. त्याच्यावर बाईंनी उभा जन्म जुनी हस्तलिखितं ताडून पाहण्यात घालवला होता. कोणतं पान कोणाच्या हातचं, कोणत्या ओळी मागाहून कोणी घुसडल्या, हे ओळखणं हाच त्यांचा व्यवसाय. शेवटच्या ग्रंथाचं संपादन अर्ध्यावर होतं. इथल्या काचेवर कागद घसरत, कोपर गारठे, उंचीमुळे खांदा भरून येई. लिहिणं थांबलं होतं. आणि जिन्याखालची अडगळ न्यायला सुनेने उद्या सकाळी भंगारवाल्याला बोलावलं होतं.

“अजून एकदा विचार,” बाई म्हणाल्या. “त्यांचं काहीच हलवत नाही म्हणावं. माझं टेबल त्या कोपऱ्यात बसेल. मी अंग चोरून जाईन-येईन.”

“आई, भाडं मी भरतोय. त्यांच्याशी वाकडं घेणं मला परवडायचं नाही.” तो थकल्यासारखा खुर्चीच्या पाठीवर रेलला. “दोन्हीकडून मार खाणारा मृदंग झालाय माझा.”

बाईंनी मान खाली घातली. मुलगा आपल्यासाठी भाडं भरतो आणि वर आपल्यापायी बोलणी खातो, याची त्यांना लाज वाटत आली होती. त्या लाजेपोटीच त्यांनी पलंगाचं नाव सोडलं होतं, कपाटाचंही.

“शेवटचं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा काही मागणार नाही.”

“बघतो.” तो पुन्हा बाल्कनीत गेला. काचेचं दार त्याने मागे ओढून घेतलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते.

“काकू, मालक आलेत ना? गाडी दिसली खाली.”

“मालक इथे येत नाहीत. माझा मुलगा आलाय.”

गृहस्थांनी मान आत घालून पाहिलं. “हे काय, बाल्कनीत उभे आहेत की. आमच्या छताला ओल आलीय, यांनी हे घर विकत घेतलं तेव्हापासून सांगतोय. देवासारखं काम आहे यांचं. दिसतात, पण पावत नाहीत.” मग त्यांच्या लक्षात आलं. “म्हणजे तुम्ही त्यांच्या आई? बरं झालं. तुमचं तरी ऐकतील.”

बाईंनी निरोप सांगते म्हटलं आणि दार लावून घेतलं.

काचेपलीकडे तो फोन कानाला लावून उभा होता. ओठ हलत नव्हते. मधूनच तो मान डोलवत होता. समोरच्याचं म्हणणं फार आदराने ऐकून घेत होता.

शतकांपूर्वीच्या लेखनिकाची लबाडी एका वेलांटीवरून पकडणाऱ्या बाईंना हा एवढा मजकूर बनावट असल्याचा संशयही आला नव्हता. तो वाचताना त्या कृतज्ञ होत्या. कृतज्ञ माणसाने संपादन करू नये.

दार सरकलं.

“नाहीच म्हणतात,” मुलगा म्हणाला. “चिडले जरा. म्हणाले, एवढंच असेल तर आईंना दुसरं घर बघायला सांगा.”

बाईंनी सोफ्यावर पसरलेले आपले कागद गोळा करून मांडीवर घेतले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“बसा, मालक,” त्या म्हणाल्या. “आपली भेट व्हायची राहूनच गेली होती.”