‘मायसेल्फ’ची चूक

बावीस वर्षं इंग्रजीचं व्याकरण शिकवणाऱ्या मास्तरांपुढे बायकोने आपला संशोधन अहवाल तपासायला ठेवला. प्रयोगशाळेत ती आणि तिचा एक सहकारी वर्षभर त्यावर खपले होते. पहिल्याच ओळीत मास्तर अडखळले. ‘माय कलीग अँड मायसेल्फ’ने नमुने गोळा केले होते. खाली त्याच दोघांनी ते तपासले होते, आणि पुढच्या पानावर दोघं परिषदेलाही जाऊन आले होते. मास्तरांचं लाल पेन कागदात रुतायला लागलं.

“हे ‘मायसेल्फ’ चूक आहे,” ते म्हणाले. “आत्मवाचक सर्वनाम आहे ते. मी स्वतःला दोष दिला, मी स्वतःला सावरलं, अशा ठिकाणीच चालतं. इथे नुसतं ‘आय’ हवं.”

“बरं झालं सांगितलंत.”

“आणि त्याला दर वाक्यात कशाला आणतेस? अहवाल तुझा आहे ना?”

“अहो, निम्मं काम त्याचं आहे. त्याला कसं वगळू?” तिने ते वाक्य पुन्हा वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. “पण आम्हाला वेगवेगळं लिहायचंच कशाला? सगळीकडे सरळ ‘वुई’ करून टाकते. चालेल ना?”

मास्तरांनी वाक्य दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदाही वाचलं. चूक कुठेच सापडेना.

“व्याकरणात बसतं,” एवढंच ते म्हणाले.