रिकामं सोडता येणार नाही

उद्याच्या मुलाखतीत “मला डेटाबेस येतो” असं ठोकून द्यायचं होतं, म्हणून धाकट्याने आज सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर तो शिकायला घेतला. माउसने चौकटी ओढल्या की तक्ता तयार, इतकं सोपं. सरावाला घरातलीच मंडळी घेतली: नाव आणि काम. आपण अगदीच कच्चे वाटू नये म्हणून ‘कामाचा रकाना रिकामा सोडता येणार नाही’ अशी अटही त्याने ऐटीत घालून टाकली.

बाबा वायरमन, ताई नर्स, आई शिवणकाम. सगळे पटापट नोंदले गेले. मांजरसुद्धा ‘उंदीर पकडणे’ म्हणून आत गेलं. धाकट्याच्या नावापुढे मात्र काहीच नव्हतं आणि प्रोग्रॅम काही केल्या त्याची नोंद घेईना.

त्याने ‘सल्लागार’ लिहिलं.

“कोण घेतं रे तुझा सल्ला?” मागे उभी असलेली ताई म्हणाली.

त्याने ते खोडून ‘कॉम्प्युटरतज्ज्ञ’ लिहिलं.

“सकाळी प्लग कोणी लावून दिला?”

तेही खोडलं. “अगं ताई, अख्ख्या तक्त्यात मीच नसलो तर उद्या काय तोंड दाखवू?”

शिलाई मशीन थांबलं. “किती छळशील गं त्याला!” आई कळवळून म्हणाली. “बाळा, मी सांगते तसं लिही. होईल तुझी नोंद.”

 

झाली. आईच्या नावापुढे, कामाच्या रकान्यात: ‘शिवणकाम, शिवाय धाकट्याला सांभाळणे.’