पहिली चीर

बँकॉकमधली भिक्षापात्रं घडवणारी गल्ली बघायला आलेल्या गोऱ्या बाईच्या गळ्यात सोमजितनं चीर गेलेलं पात्र मारलं. चिरेत लाख भरून वर काळा रंग फासला होता. शेजारी पत्रा ठोकणारी नोई म्हणाली, “पाप लागेल हं!” “कसलं पाप? दिवाणखान्यात फुलं ठेवेल त्यात,” सोमजित हसली. महिन्याभरानं एका म्हाताऱ्या भन्तेंनी तिच्यापुढं तेच पात्र ठेवलं. “एका प्रवासी बाईनं दान दिलं. तुझंच ना? गळतंय. सांधून दे.” सोमजितनं चटकन दुसरं पात्र पुढं केलं. “नवंच देते, भन्ते.” “छे! पाच चिरा पडल्याशिवाय भिक्षूनं नवं घ्यायचं नसतं. ही पहिलीच. माझ्याच हातून आपटलं असणार. विहारात सर्वांसमोर कबुलीही दिली मी.” नोईची हातोडी थांबली. सोमजितनं तोंड उघडलं, तोच भन्ते म्हणाले, “तू घाम गाळून घडवलंस, मला जपता आलं नाही, पोरी.”