नव्या बंदुकीवरचा गंज

“महिनाही झाला नाही, आणि हा गंज! माझ्या आजोबांच्या बंदुकीवर अजून डाग नाही. हल्ली पॉलिशच्या नावानं नुसती बोंब!” जुईचे डच सासरे शिकारीची नवी बंदूक घेऊन तणतणत आले. डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांना गंज तेवढा दिसत होता, त्याचा आकार नाही.

जुईनं बंदूक उजेडात धरली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. दसऱ्याला तिनं हौसेनं दोन्ही बंदुकांची पूजा केली होती, ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं होतं, दुसऱ्या दिवशी पुसलंही होतं. जुन्या बंदुकीवर त्याचा मागमूस नव्हता. नवीवर ते गंजून ठसठशीत उमटलं होतं.

“बाबा, हे कुणाला दाखवू नका!”

“शिकाऱ्यांच्या ग्रुपवर सकाळीच फोटो टाकलाय,” सासरे म्हणाले. “एरवी लगेच तुटून पडतात. आज सगळे गप्प का आहेत, कळत नाही.”