लवंगेचं तेल

कोंडाजी खुर्चीत आडवा पडला होता. समोरचा वरचा दात हिरडीपाशी तुटलेला. राहिलं होतं ते नुसतं पोकळ मूळ.

"रविवारी सत्कार हाय मॅडम, सायखेड्यात. आदर्श द्राक्ष बागायतदार. आज बुधवार. तवर दात पक्का झाला पायजे."

"वीस वर्षं हलणार नाही," डॉक्टर तृप्ती म्हणाल्या. "मुळात फायबरची काडी चिकटवते. दात तिच्यावर उभा राहतो." मग मदतनीस मुलीला म्हणाल्या, "रोशनी, मूळ कोरडं कर. लवंगेचं तेल लांब ठेव. थेंब जरी आत गेला तर सिमेंट धरत नाही. त्या मास्तरांचा दात चार दिवसांत काडीसकट हातात आला."

फोन वाजला. डॉक्टर बाहेर गेल्या.

रोशनीनं कागदाची बारीक वात चिमट्यात धरली.

"कुठली गं तू?" कोंडाजीनं विचारलं.

"पेठची."

"आमच्या बागेत समदे मजूर पेठचेच. लय गरीब. काय बी करा, तोंडातून शब्द नाय."

रोशनीचा बाप बुधा याच बागेत औषध फवारताना पडला होता, चार वर्षांपूर्वी. तोंडाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नव्हतं. पोलीस यायच्या आत या कोंडाजीनं मेलेल्या माणसाचा जबडा दाबून उघडला आणि आत दारू ओतली. पिऊन मेला, असं कागदावर आलं. तिची आई झुंबरबाई चार पावलांवर उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

"मोठा आ करा काका," रोशनी म्हणाली.

तिनं वात तेलात बुडवली. मुळाच्या तळापर्यंत घातली, भिंतींना फिरवली. घाई केली नाही. मग दुसरी, कोरडी वात घालून वरवरचं तेवढं टिपलं.

"लवंग लावली व्हय? आमची आय बी लवंगच लावायची."

"गुणाची असते."

डॉक्टर आल्या. दवाखान्याला कायमच लवंगेचा वास, त्यांना वेगळं काही जाणवलं नाही. सिमेंट भरलं, काडी बसवली, निळा दिवा धरला. वर पांढराशुभ्र दात घडवला.

कोंडाजीनं आरसा घेतला. ओठ वर करून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं.

"आता बायको वळखायची नाय," तो खुशीत म्हणाला. उठता उठता रोशनीकडे वळला. "तू बी ये गं रविवारी. पेठची माणसं आपलीच."

"माईकवर बोलणार ना काका?"

"मंग? अर्धा तास तरी."

रोशनीनं त्याच्या गळ्यातला कागदी रुमाल सोडला, घडी केली.

"मग आईला घेऊन येते. तिला तेवढं पुढच्या रांगेत बसवा."