दुसरी बॅटरी

मुलाच्या होडीत वायरमन दुसरी बॅटरी बसवत होता. लाल-काळ्या वायरींचं जंजाळ म्हातारीच्या डोक्यावरून जात होतं.

"एक असताना दुसरी कशाला रे?"

"मावशी, दिव्याची आणि इंजिनाची चूल वेगळी केलेली बरी. एकाच बॅटरीवर दोघं असले, की नांगर टाकून बसल्यावर दिवा तिला पिऊन टाकतो. मग इंजिन काही केल्या सुरू होत नाही."

"आणि दिवा?"

"तो मिणमिणत राहतो."

म्हातारीची नजर समुद्राकडे गेली. तीस वर्षांपूर्वी वादळात सगळ्या होड्या परतल्या, नवऱ्याच्या होडीचा दिवा मात्र लांब तिथल्या तिथे मिणमिणत राहिला. दिवा दिसतोय, तर माणूस येत का नाही, हे तिला कधी उमगलंच नव्हतं.

"दिवा विझवू नका हं, मला किनाऱ्यावरून दिसला पाहिजे," असं नवऱ्याला रोज तीच बजावायची.