वाफ्यात जाईपर्यंत

तिसऱ्या ट्रेमधल्या रोपांनीही मान टाकली तेव्हा तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

टोमॅटोची रोपं होती. काल ताठ उभी होती. आज मातीलगत देठांना चिमटा काढल्यासारखी बारीक, तपकिरी कंबर आली होती आणि सगळी एका बाजूला आडवी पडली होती. मुळाशी पाणी साचलं की फोफावणारी ही बुरशी तिच्या ओळखीची होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. असले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"गेली?" पलंगावरून बाबांनी विचारलं.

"गेली."

"तुझ्या हाताला यशच नाही. आईवर गेलीस. तिनं निवडुंगसुद्धा मारून दाखवला होता."

एरवी या वाक्यानंतर ते हसले असते. आज भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बाबांनी जन्मभर रोपवाटिका चालवली. लोक बी कुठूनही आणत, रोपं मात्र त्यांच्याकडूनच नेत. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर ते तिच्याकडे राहायला आले. दिवसाआड दवाखान्यात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं, मधला दिवस त्या थकव्यातून उठण्यात घालवायचा, आणि पाणी मोजून प्यायचं. एके दुपारी त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, की आता पुरे. तिच्या रजा, तिची धावपळ, सगळं आपल्यापायी चाललंय. उपचार थांबवायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या मनाविरुद्ध आम्हाला काही करता येणार नाही.

ती रडली, भांडली, अबोला धरून पाहिला. बाबा बधले नाहीत. शेवटी तिनं त्यांचाच नियम त्यांच्यापुढे टाकला. पेरलेला ट्रे सोडून ते कधी कुठे गेले नव्हते. सख्ख्या भावाच्या लग्नालाही नाहीत. तिनं ट्रेमध्ये बी पेरलं आणि तो त्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीत ठेवला.

"ही रोपं खालच्या वाफ्यात जाईपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मग मी अडवणार नाही."

बाबांनी ती काळी माती चिमटीत घेऊन पाहिली. "आणि मेली तर?"

"तर पुन्हा पेरू."

"ठीक आहे. एक ट्रे निरोगी निघाला की माझी सुट्टी."

मग ते पडल्या पडल्या सांगत आणि ती करत गेली. माती चाळून वाफवून घेतली. पाणी वरून न घालता परातीत ट्रे ठेवून खालून पाजलं. कामावर निघण्याआधी रोज कोंबांवरून हलकेच तळहात फिरवला. वारा लागल्याचा भास झाला की देठ जाड होतो, असं बाबांचं म्हणणं. एकदा चहाचं उकळतं आधण घेऊन ती त्या ट्रेपाशी उभी राहिली होती. कुणाला कळलंही नसतं. पण हात पुढे झाला नाही.

तसं करायची वेळही आली नाही. रोपं आपली आपणच मरत होती. तिनं माती बदलली, बी बदललं, पाणी उकळून गार करून, बेतानंच दिलं. शास्त्र शिकलेल्या बाईला कारण सापडू नये याची तिला चीड येई. आणि प्रत्येक मेल्या ट्रेमागे बाबांचे काही आठवडे वाढत.

पण बाबा आता बोलेनासे झाले. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला बाजूला घेतलं. "मी गमतीनं म्हटलं, आजोबा, रोपांनाही आणा, त्यांनाही मशीनला लावू. तर हसले नाहीत हो. म्हणाले, जन्मभर जे हातात होतं, तेही गेलं."

ज्या कामावर हा माणूस उभा होता, ते ती रोज त्याच्या डोळ्यांदेखत मरू देत होती. तेवढ्यासाठी, की त्याला निरोप द्यायला लागू नये.

चौथा ट्रे तिनं घरी पेरलाच नाही. प्रयोगशाळेतल्या खिडकीत पेरला, बाबांनी शिकवलं होतं तसाच. एकही रोप मेलं नाही. बुटकी, जाड देठाची, गडद पानांची रोपं तयार झाली. ज्या दिवशी ती लावण्याजोगी झाली, त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाथरूममध्ये नळ सोडून ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन ट्रे घरी घेऊन आली.

"बाबा, ही जगली."

त्यांनी चष्मा लावला. एक रोप मातीच्या गोळ्यासकट उपसून मुळं पाहिली, पांढरीशुभ्र होती. परत जागच्या जागी बसवलं.

"माझ्या हातची वाटावीत अशी आहेत," ते म्हणाले.

"तुमच्याच हातची आहेत. मी फक्त ऐकलं."

"लगेच लावू नकोस. दोन-चार दिवस बाहेरच्या हवेची सवय होऊ दे, नाहीतर उन्हानं भाजतील." मग पानांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "तोवर माझ्याजवळच राहू दे."

तिनं ट्रे त्यांच्या खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी त्यांची पाण्याची बाटली भरून ठेवून ती कामाला निघाली. दोन जिने उतरल्यावर तिला वाटलं, आज जाऊ नये. उरलेले दिवस त्यांच्याजवळ बसावं. ती परत वर आली, आवाज न करता दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली.

बाबा खिडकीशी उभे होते. ट्रेच्या तळाची भोकं त्यांनी कापसाच्या बोळ्यांनी घट्ट बुजवली होती. एका हातानं गज धरून, सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत, ते आपल्या दिवसभराचं पिण्याचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत रोपांच्या मुळाशी ओतत होते.